म्हातारीची मुदतवाढ

नवरात्रातली दुपार कशी असते ते नवी मुंबईत आमच्या बोनकोड्याला येऊन बघा. पाऊस पाठ फिरवून गेलेला असतो, पण ओल अजून जमिनीतच असते, आणि वरून ऊन असं तापतं की ती ओल वाफ होऊन पायांतून अंगात चढते. सोसायटीच्या गेटवर झेंडूवाला बसतो. त्याच्या टोपलीवरनं वारा आला की मला झेंडूच्या आधी पिकल्या भाताचा वास येतो. आता भात कुठे? जिथे आमची खारजमीन होती तिथे इमारत आहे, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर मीच राहते. पण हे नाकाला कोण समजावणार? नाक म्हातारं झालं की पत्ता बदलत नाही.

परवा अशाच दुपारी माझी नात सई जेवणाच्या टेबलावर तिचा जुना लॅपटॉप उघडून बसली होती. एकदम टाळी वाजवून म्हणाली, "चला, वाचला! आजी, याला अजून एक वर्ष मिळालं."

"कोणाला गं?"

"याच्यातली सिस्टीम जुनी झालीय ना. कंपनी म्हणत होती, आता आमचा सपोर्ट बंद, नवीन घ्या. आता म्हणतायत, ठीक आहे, अजून एक वर्ष बघतो आम्ही."

"म्हणजे मुदतवाढ मिळाली."

ती हसायला लागली. "काय भारी शब्द आहे! कोर्टातल्यासारखा."

मी डाळिंब सोलत होते. कोर्टातला नव्हे गं बाई, तुझ्या आजोबांच्या कारखान्यातला शब्द आहे तो. पण हे मी बोलले नाही. तिनं आजोबांना फोटोतच पाहिलंय. आणि फोटोतला माणूस श्वास घेत नाही, त्यामुळे त्याला श्वास घ्यायला किती कष्ट पडायचे ते फोटोवरून कळत नाही.

आमचे हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात होते. कापडाचा रंग. जमीन शहरासाठी गेली, तिच्या बदल्यात घरटी एकाला नोकरी लागली, ती यांना लागली. रंगखात्यात पिंपं ढवळायची. ज्या आठवड्यात जो रंग चाले, त्या रंगाचा घाम यायचा. थट्टा नाही करत. उशीचा अभ्रा कधी पिवळा, कधी गुलाबी. धुतला तरी मूळचा रंग काही परतायचा नाही. गल्लीतली पोरं आमच्या पोरांना विचारायची, "आज तुजा बाबा कंच्या रंगाचा हाय?" आणि आमची सासू, तिला सगळे आय म्हणायचे, ती म्हणायची, "आमचे घरान बारा म्हयनं शिमगा."

हसायचो आम्ही. तेव्हा हसण्यासारखंच वाटायचं.

मग छाती वाजायला लागली. सुकट चाळणीत घालून हलवली की कसा आवाज येतो, कोरडा, खरखरीत? तसा. हे दारात यायच्या आधी तो आवाज घरात यायचा. खाडीच्या बांधावरून चालत येताना चारदा थांबायचे आणि कोणी बघितलं की मासे बघतोय असं दाखवायचे. ओहोटीला कसले मासे? नुसता चिखल असायचा आणि त्याच्यावर कारखान्यांचा तो कुजक्या लसणासारखा वास.

कंपनीचा डॉक्टर भला होता. त्यानं लिहून दिलं की या माणसाला रंगखात्यात ठेवू नका. मग कुठे ठेवायचं? कारखान्यात जागा होती ती सगळी वाफेचीच. एकच खोली तशी नव्हती. कंप्युटरची.

आता तुम्ही कंप्युटर म्हटल्यावर टेबलावरचा डबा डोळ्यांसमोर आणाल. तसा नव्हता तो. कपाटांएवढ्या पेट्या होत्या, एक नव्हे, ओळीनं. परदेशात वापरून झाल्यावर आमच्याकडे आलेल्या. त्यांना धूळ चालत नसे, ऊन चालत नसे, घामाची वाफ चालत नसे. म्हणून त्यांच्यासाठी एकाला एक लागून दोन दारं, आणि आत गाळून घेतलेली थंड हवा. माणसांसाठी असली हवा कोणी केली नसती, ती पेट्यांसाठी केली होती. तिथे त्या खात्याच्या सामंत साहेबांना एक हेल्पर पाहिजे होता. कागदाचे खोके उचलायचे, छापून आलेले लांबच लांब कागद फाडून वेगळे करायचे. यांना तिथे घेतलं.

थंडीनं दमा वाढतो म्हणतात. यांचं उलट झालं. ती हवा थंड होती म्हणून नव्हे, चाळलेली होती म्हणून. बघता बघता छातीतली सुकट गप्प झाली. उशीचा अभ्रा पांढरा राहायला लागला. मी तो दोरीवर वाळत घालायची आणि उगाच त्याच्याकडे बघत उभी राहायची. संध्याकाळी हे बांधावरून न थांबता यायचे, आणि जवळ आले की शर्ट अजून गार लागायचा. अंगाला कारखान्याचा कसलाच वास नसायचा. लग्नानंतर पहिल्यांदा मला नवऱ्याचा स्वतःचा वास कळला, म्हणाल तर म्हणा.

त्या दिवसांत घरात कागदच कागद. हिरवे-पांढरे पट्टे असलेले, कडेला भोकं भोकं. एका बाजूला आकडे, दुसरी बाजू कोरी. वाया गेलेले कागद हे घेऊन यायचे. फळीवर तेच, पोरांच्या पुस्तकांना कव्हरं तीच, चुलीच्या बाजूला तेच. कडेच्या भोकांच्या पट्ट्या घडीत घडी घालून पोरं लांब साखळी करायची, तिचं दाराला तोरण. आणि त्याच कागदांच्या कोऱ्या बाजूवर मी पोरांबरोबर बसून अक्षरं गिरवली. शाळा मी दुरून पाहिली होती. आज हे जे चार शब्द लिहिते आहे, ते त्या पट्ट्यापट्ट्यांवरनं सरळ चालायला शिकले म्हणून.

एकदा मी यांना विचारलं, "अहो, सगळे सिस्टीम सिस्टीम म्हणतात, ते नक्की काय असतं?"

हे म्हणाले, "बघ. त्या पेट्या म्हणजे घर. पगाराचं काम, मालाचं काम, ही घरातली माणसं. पण आधी आंघोळ कोणी करायची, कोण कुठं बसणार, कोणाच्या ताटात काय पडणार, हे कोण ठरवतं?"

मी मान वळवून आयकडं बघितलं. ती ओट्यावर बसून बोंबील निवडत होती.

"हां," हे म्हणाले. "तीच सिस्टीम."

कंप्युटर खात्यातले सगळेच त्या सिस्टीमला म्हातारी म्हणायचे. म्हातारी आज रुसली, म्हातारी आज पळतेय. आणि म्हातारी खरंच म्हातारी होती. जिथे ती जन्मली त्या देशात तिच्या बरोबरीच्या सगळ्या कधीच भंगारात गेल्या होत्या.

श्रावणात सामंत साहेबांना कागद आला. म्हातारी बनवणाऱ्या परदेशी कंपनीनं कळवलं होतं की दिवाळीनंतर या सिस्टीमला आमचा सपोर्ट नाही, काही अडलं तर आम्ही बघणार नाही. कारखान्याच्या मोठ्या साहेबांना त्याचं दुःख नव्हतं. आता छोटी मशीन निघालीत म्हणाले, टेबलावर मावतात, त्यांना साधा पंखा पुरतो.

साधा पंखा पुरतो. हे शब्द हे घरी येऊन दोनदा बोलले.

"मग तुम्हांला कुठे पाठवतील?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? आणलं तिथं."

आयला एवढंच कळलं की कशाचा तरी सपोर्ट जाणार. "सपोट म्हंजी काय रं?"

"टेकू, आय."

आमच्या घराची एक पडवी खचली होती, तिला आयनंच बांबूचा टेकू लावला होता. ती त्या बांबूकडे बघून म्हणाली, "टेकू लावलेले घराखाली मानसाला निजवू नये बाबा. टेकू लावला म्हंजी घर परनार हे कबूल केला."

मला तिचा राग आला होता. आता वाटतं, मुदतवाढ या शब्दाचा अर्थ तिच्याइतका नीट मला कोणीच सांगितला नाही. मुदत वाढवून मिळते ती संपणाऱ्याच गोष्टीला. न संपणाऱ्याला मुदत कोण विचारतो?

सामंत साहेबांनी मात्र चिकाटी सोडली नाही. वाळक्या शेंगेसारखा माणूस, थंड खोलीत बारा महिने गळ्याला मफलर. त्यांना म्हातारीचा लळा होता, आणि मला वाटतं आमच्या यांचाही. कागदावर कागद धाडले, मोठ्या साहेबांच्या दारात उभे राहिले. गणपती उठले आणि त्या आठवड्यात हे घरी आले ते पेढ्यांची पुडी घेऊन.

"कोनाला पोर झायला?" आयनं विचारलं.

"पोर नाय गो आय. म्हातारीला मुदत वाढवून मिलाली. शिमग्यापरत!"

आयचा पेढा तोंडाशीच राहिला. "मना?" ती म्हणाली. "कोनी दिली?"

आम्ही जे हसलो! पोरं लोळायला लागली. हेसुद्धा पोट धरून हसले, आणि खोकला आला नाही, हे मी हसता हसता टिपलं. "तुला नाय गो, मशिनीला!"

"मंग सरल बोल ना मेल्या. मना वाटला, यमाचा मानूस तुजे कंपनीन कामाला लागला."

तेवढं हसणं त्या घरात पुन्हा झालं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. जमीन गेली तरी आय विळा, कोयता आणि मिठागरातलं फावडं घासून पुसून पाटावर मांडायची. कारखान्यातही मशीन धुवून पुसून तिला हार, नारळ, हळदकुंकू. त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडायचे. दरवर्षी कंप्युटरच्या खोलीला हार फक्त बाहेरच्या दाराला लागायचा. साहेब आत काडी येऊ देत नसत. चपला बाहेर, गजरे बाहेर, डबा बाहेर.

त्या वर्षी मीही गेले होते, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. दोन दारं ओलांडली आणि अंगावर काटा आला. गार होतं म्हणून नाही. त्या हवेला वासच नव्हता. ना खाडीचा, ना लसणाचा, ना माणसाचा. बिनवासाची हवा मी जन्मात पहिल्यांदा छातीत घेतली आणि मनात आलं, आमचे हे यावर जगलेत.

रंगखात्यातला सगळ्यात जुना फिटर, त्याला सगळे मामा म्हणायचे, तो ताट घेऊन दारात उभा. "साहेब, अख्ख्या कंपनीत तुमचीच मशीन बिनकुंकवाची. मग परदेशातला टेकू तरी कसा टिकायचा?"

सामंत साहेब मफलर चाचपत राहिले. जे जे शिकून करता येतं ते सगळं त्या माणसानं करून झालं होतं, आणि पुढे शिमगा दिसत होता.

तिथे शोभा कांबळे म्हणून एक मुलगी होती. कार्डांना भोकं पाडायच्या मशिनीवर बसायची. मराठवाड्यातली, बुद्धाची, तोंडानं फटकळ. ती दाराशीच थांबली. "सर, माझा गजरा दाराबाहेर आणि देवाचा धूप आत?"

"आजच्या दिवस, शोभा."

"आमच्यात हे नसतं, म्हणून मी येत नाही आत. पण मशीन माझंपण हाय, म्हणून बोलले."

"गप गं पोरी," मामा म्हणाला, "म्हातारीची ओटी भरतोय, तुझं लगीन नाय लावत."

सगळे हसले. शोभाही हसली. मग मामानं ताट पुढे केलं, तर साहेब म्हणाले, झाकणावर लावा. त्या पेट्यांतली एक होती तबकड्यांची, एकावर एक काळ्या तबकड्या, त्यांत म्हातारीचं सगळं लिहिलेलं. तिच्या वर झाकण.

"झाकणाला?" मामा म्हणाला. "नवरीच्या पदराला हळद लावतात काय साहेब? हत्याराला लागायला पायजे."

साहेबांचा हात झाकणावर क्षणभर पडून राहिला. मग त्यांनी ते उचललं.

"हिराजी लावेल," ते म्हणाले. आमच्या यांचं नाव हिराजी.

यांनी करंगळीशेजारच्या बोटानं कुंकू घेतलं आणि आतल्या कडेला टेकवलं. इतक्या हळू, की मला लग्नातलं आठवलं. चिमूटभर कुंकू खाली तबकड्यांवर सांडलं. मामाची बायको माझ्या कानाशी म्हणाली, "सांडला ता चांगला. नाकावर सांडला का नवरा जीव लावतो." मग कापूर पेटला. धूर त्या बिनवासाच्या हवेत घुटमळत राहिला, त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. आणि किती महिन्यांनी हे खोकले.

दसरा गेला. आपट्याची पानं अजून देव्हाऱ्यात होती, आणि एका सकाळी तबकड्यांच्या पेटीतून आवाज यायला लागला. खरखर. कोरडी. यांनी मला सांगितलं, "मी आधी छातीवर हात ठेवला गं. मला वाटलं माझ्यातनंच येतोय." सुकट चाळल्यासारखाच. मग सगळं बंद पडलं.

परदेशी कंपनीचं उत्तर आलं ते चोख होतं. सपोर्ट सिस्टीमला आहे, तबकड्यांना नाही. तसल्या तबकड्या आता मिळत नाहीत. म्हणजे बघा, घर पडलं होतं, पण सासूला मुदतवाढ होती. मोठ्या साहेबांनी हात झटकले. हिशेब खात्यात टेबलावर छोटं मशीन आलं, त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं. थंड हवेचं यंत्र काढून मोठ्या साहेबांच्या केबिनला बसवलं. दोन दारांची खोली सामानाची झाली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या धुण्यात उशीचा अभ्रा पिवळा निघाला. मी तो दगडावर आपटत राहिले. आपटून काय होतं?

मी यांना म्हणाले, नोकरी सोडा. हे म्हणाले, सोडून कुठली शेती करू? तेही खरं. पण यांना आतून खात होतं ते वेगळंच. एक दिवस ओट्यावर बसून म्हणाले, "मंजू, कुंकू मी लावलं." सामंत साहेब यांना दहा वेळा म्हणाले होते, "अरे जुनं होतं ते, कुंकवानं नाही झालं." धुरानं झालं, कुंकवानं झालं, की वयानंच, कोणाला ठाऊक? शोभा तर पुन्हा त्यावर एक शब्द बोलली नाही, फटकळ असून. पण यांनी ते आपल्या छातीवर घेतलं, आणि त्या छातीत तेवढी जागा नव्हती.

माघात हे गेले. दुपारची वेळ होती, बाहेर आंब्याला मोहोर होता. त्यांना तो वास यावा म्हणून मी खिडकी उघडली, तर लसूणच आला.

सामंत साहेब भेटायला आले, शोभा त्यांच्या बरोबर. साहेबांची नजर माझ्या कपाळाकडे गेली. तिथलं कुंकू पुसलेलं होतं. त्यांनी चटकन मान खाली घातली आणि मफलरचं टोक पिळत बसले. ते म्हणाले, "काल त्यांचा कागद आला. परदेशातून. विचारलंय, सिस्टीम समाधानकारक चालू आहे ना? मुदत अजून आहे हो. शिमग्यापर्यंत आहे."

शोभानं तोंडाला पदर लावला.

आय भिंतीला टेकून बसली होती. दिवस झाले तरी ती रडली नव्हती. ती म्हणाली, "हाय ना. मुदत हाय. ती मना लागली."

"आय, असं नका बोलू," मी म्हणाले.

"पेढा मीच खाल्ला व्हता ना गो मंजुले? मी इचारला, मना का? कोनी दिली? कोनी दिली ता आता कलला."

त्यानंतर आय खूप जगली. पडवी पाडली, घर पाडलं, इमारत उभी राहिली, ती लिफ्टमध्ये बसून वर आली, पणतवंडं बघितली. पेढ्याला तिनं परत हात लावला नाही. कोणी पाया पडून "शंभर वर्षं जगा" म्हटलं की तिचा चेहरा असा व्हायचा, की पुढल्या वेळी ते माणूस नुसतं वाकून निघून जायचं.

आज खंडेनवमी. विळा आहे, कोयता आहे, फावड्याचं नुसतं पातं राहिलंय. मी ते पाटावर मांडलं. सई आंघोळ करून आली, लॅपटॉप आणून पाटावर ठेवला. उघडाच, निळा उजेड पडलेला. "आजी, माझं हत्यार हे," म्हणाली. "एक वर्ष काढायचंय याला. कुंकू कुठे लावू? इथे, बटणांवर?"

तिचं बोट कुंकवानं भरलेलं होतं.

"आधी झाकण लाव," मी म्हणाले.

माझा आवाज तिला वेगळा लागला असावा. तिनं झाकण लावलं. "आणि कुंकू?"

"कुंकू पाटाला लाव. लाकडाचा आहे, त्याला सोसतं."